बुटाच्या खोक्यातलं घबाड

बेसबॉल हा खेळ मला कळत नाही. पिट्सबर्गमध्ये राहून केस पांढरे झाले, पण 'इनफील्ड फ्लाय' नावाचा नियम कुणी समजावून सांगू लागलं की मी नुसती मान हलवतो आणि जाताना कोथिंबीर घ्यायची आहे का, ते आठवून बघतो. असं असूनही आमच्या तळघरात बेसबॉल खेळाडूंची काही हजार कार्डं आहेत. त्यांची सगळ्यांची मिळून किंमत, ती ज्या कपाटात ठेवली आहेत त्या कपाटाहून कमी भरेल. आणि ते कपाट रस्त्याकडेला 'फुकट न्या' अशी पाटी लावून ठेवलेलं होतं, तिथून उचललेलं आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेसबॉल कार्ड म्हणजे आपल्या खेळायच्या पत्त्याएवढा पुठ्ठा, अडीच इंच बाय साडेतीन. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची कुंडली: उंची, वजन, गाव, डावरा की उजवा, आणि सालवार आकडे. शंभरेक वर्षांपूर्वी ही कार्डं सिगारेटच्या पाकिटात मिळत. पाकीट चेपायला नको आणि गिऱ्हाईक सुटायला नको, असा दुहेरी हेतू. पुढे ती बबलगमबरोबर मिळू लागली. म्हणजे आधी बापाचं व्यसन, मग मुलाचं. आता सिगारेटही नाही आणि गमही नाही, नुसती कार्डंच विकतात, आणि व्यसन दोघांनाही असतं.

मला या वाटेची सवय लहानपणापासून होती. साताऱ्यात आम्ही काडेपेटीचे छाप जमवायचो. माझ्याकडे वाघाचे, घोड्याचे, जहाजाचे असे गठ्ठेच्या गठ्ठे होते. एका दिवाळीच्या साफसफाईत आईने ते सगळे बंबात घातले. त्या दिवशीचं अभ्यंगस्नान मी माझ्या इस्टेटीवर केलं. पुढे अमेरिकेत आल्यावर कळलं की इथल्या आयाही काही वेगळ्या नव्हत्या. पोरगा कॉलेजला किंवा सैन्यात गेला, की पलंगाखालचा कार्डांचा खोका कचऱ्यात जायचा. त्यामुळे जुनी कार्डं उरली थोडी, आणि उरली त्यांचे भाव चढले. आयांच्या साफसफाईवर उभा राहिलेला हा जगातला एकमेव बाजार असावा.

पहिला खोका मी घेतला तो खरं तर नाइलाजाने. शेजारच्या गल्लीत यार्ड सेल होता आणि हिला बर्फ ओढायचं फावडं हवं होतं. फावडं विकणारे आजोबा म्हणाले, यासोबत हा बुटाचा खोकाही पाच डॉलरला घेऊन जा, माझ्या मुलांना नको आहे. आत १९७० च्या दशकातली पायरेट्सची, म्हणजे आमच्या गावच्या संघाची, कार्डं होती. मी पुढचे फोटो पाहिलेच नाहीत, सरळ मागची बाजू वाचायला घेतली. मागे आकडे होतेच, पण शिवाय एक छोटंसं व्यंगचित्र आणि एखादी ओळ: या गड्याला शिकारीचा नाद आहे, हा हिवाळ्यात विमा विकतो, हा बँजो वाजवतो. त्या काळी खेळाडूंना आजच्यासारखा बख्खळ पैसा नसे. हंगाम संपला की गडी पोटापाण्याच्या दुसऱ्या उद्योगाला लागायचा. शंभर नंबरी खेळाडू आणि थंडीत विमा एजंट! मला हे लोक एकदम ओळखीचे वाटले. आमच्या चौकातल्या एसटी कंडक्टरकाकांसारखे तबलजी आणि पोस्टातले नट पाहत मी वाढलो होतो. त्या रात्री मी पूर्ण खोका वाचून काढला. दुसऱ्या दिवशी बर्फ पडला आणि फावडं सापडेना, ते मी यार्ड सेलमध्येच विसरून आलो होतो.

फावड्यावरून जे बोलणं झालं ते सोडून देऊ.

कार्डांमुळे मला पहिल्यांदा शेजारी मिळाला, हे मात्र नोंदवलं पाहिजे. आमचे शेजारचे आजोबा तोवर माझ्याशी दोनच विषयांवर बोलत: बर्फ आणि कचऱ्याचे डबे. एकदा कुंपणावरून मी त्यांना बिल मॅझेरॉस्कीचं कार्ड दाखवलं. आजोबांनी पाइप विझवला. मग त्यांनी मला १३ ऑक्टोबर १९६० ची दुपार सांगितली: वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, समोर न्यूयॉर्कचे यांकी, नवव्या डावात बरोबरी, आणि मॅझेरॉस्कीचा तो चेंडू फोर्ब्ज फील्डच्या डाव्या भिंतीवरून बाहेर. १०-९. सांगताना ते हात इतके जोरात फिरवत होते की माझ्या टोमॅटोच्या दोन काठ्या पडल्या. ते मैदान आता नाही, पण भिंतीचा एक तुकडा विद्यापीठाच्या आवारात ठेवला आहे आणि दर वर्षी १३ ऑक्टोबरला म्हातारे तिथे जमून त्या सामन्याचं रेडिओ समालोचन पुन्हा ऐकतात. निकाल माहीत असलेला सामना! मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. आजोबा शेवटच्या डावात काळजीने नखं खात होते.

पायरेट्स निवडण्यामागे व्यवहारही होता. मी या गावात स्थायिक झालो तेव्हा संघ हरत होता, आणि तो नेटाने हरत राहिला. १९९३ ते २०१२ असे सलग २० हंगाम त्यांनी जिंकले त्याहून जास्त सामने हरले. हा विक्रमच आहे. साहजिकच त्यांची कार्डं कुणी घेत नसे आणि मला ती मूठमूठभर मिळत. 'हरणाऱ्यांचीच का जमवता?' असं हिने विचारलं. भाव कमी असतो, हे उत्तर मी देईन अशी तिची अपेक्षा होती आणि मी तेच दिलं. पण त्यात रॉबर्टो क्लेमेंटे येतो, हे मी सांगितलं नाही.

क्लेमेंटे पोर्टो रिकोहून आलेला. १९५५ साली टॉप्स कंपनीने त्याचं पहिलं कार्ड काढलं, त्यावर नाव नीट 'रॉबर्टो' होतं. मग १९५७ पासून १९६९ पर्यंत त्याच कंपनीच्या कार्डांवर तो 'बॉब क्लेमेंटे' झाला. त्याला ते आवडत नसे, पण छापणाऱ्यांना सोपं पडत असावं. १९७० ला तो पुन्हा रॉबर्टो झाला. ही कार्डं मी टेबलावर एका ओळीत मांडली आणि माझं मन भरून आलं, कारण माझं नाव पांडुरंग आहे आणि ऑफिसात पहिल्याच आठवड्यात मला 'पॅट' करून टाकण्यात आलं होतं. मी तिरीमिरीत उठून ईमेलखालची सही बदलली: पूर्ण नाव, ठळक अक्षरांत. परिणाम असा झाला, की आता मला ऑफिसात 'पांडा' म्हणतात. वाढदिवसाला केकवर पांडा असतो.

क्लेमेंटेचं शेवटचं कार्ड १९७३ चं. ते बाजारात आलं तेव्हा तो नव्हता. निकाराग्वात भूकंप झाला म्हणून मदतीचं सामान घेऊन तो स्वतः विमानात बसला आणि ३१ डिसेंबर १९७२ च्या रात्री ते विमान समुद्रात कोसळलं. त्या कार्डाच्या मागे त्याच्या हिट्सची बेरीज बरोबर ३००० आहे. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. एवढं एक कार्ड मी कुणाला हात लावू देत नाही.

इथपर्यंत सगळं सात्त्विक होतं. पुढे पैसा आला, म्हणजे पैशाची बातमी आली. ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटलचं १९५२ चं एक टॉप्स कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं. रुपयांत शंभर कोटींच्या घरात. मी ती बातमी हिला वाचून दाखवली. ती पोळ्या लाटत होती, तिने लाटणं खाली ठेवलं. बायकोने लाटणं खाली ठेवावं अशी बातमी मी आमच्या संसारात दुसरी आणलेली नाही. त्यातला खरा गमतीचा भाग पुढे होता. ते कार्ड ज्याने घडवलं, तो टॉप्सचा साय बर्गर. त्याच्याकडे १९५२ चा बराच माल पडून राहिला होता. जत्रांमधून फुंकून टाकायचा प्रयत्न केला, कुणी घेईना. शेवटी १९६० मध्ये त्याने तो कचऱ्याच्या तराफ्यावर चढवला आणि अटलांटिकमध्ये नेऊन बुडवला. त्यात मँटलही होते. 'म्हणजे तुमच्या आईंनी बंबात घातलं ते काहीच नाही,' असं ही म्हणाली, आणि आमच्या घरात सासूबद्दल पहिल्यांदा सहानुभूतीचा सूर निघाला.

मग मी गुंतवणूक करायला निघालो. एका गृहस्थांनी गाडीच्या डिकीतून मला १९८७ ची टॉप्सची न फोडलेली पाकिटं आणि पूर्ण संच विकला. ७९२ कार्डं, लाकडी चौकटीचं डिझाइन, त्यात पायरेट्सचा कोवळा बॅरी बाँड्सही. पस्तीस वर्षं जुना माल, सीलबंद! मी चिरंजीवांना बोलावून सांगितलं की तुझ्या कॉलेजची सोय झाली. चिरंजीवांनी फोनवर दोन मिनिटं काहीतरी पाहिलं आणि म्हणाले, 'बाबा, याला जंक वॅक्स म्हणतात.'

झालं होतं असं. जुनी कार्डं महाग असतात, ही बातमी १९८० च्या दशकात सगळ्या अमेरिकेला एकदम कळली. तेव्हापासून कुठल्याही आईने काहीही टाकलं नाही. शिवाय तोवर टॉप्सच्या जोडीला फ्लीअर आणि डॉनरसही उतरले होते आणि सगळ्यांनी मिळून छापखाने रात्रंदिवस चालवले. सगळ्यांनी तो माल जपून ठेवला, म्हणून तो कुणालाच नको आहे. देशभरच्या तळघरांत १९८७ चे खोके आहेत आणि प्रत्येक खोक्यावर कुणातरी मुलाचं कॉलेज अवलंबून होतं.

मी वैतागून एक पाकीट फोडलं. आत कार्डांबरोबर बबलगमची पातळ पट्टी होती. तिने शेजारच्या कार्डावर स्वतःचा डाग उमटवून ठेवला होता. आता, आमच्या घरात अन्न वाया घालवायची पद्धत नाही. मी ती पट्टी तोंडात टाकली. तोंडात रांगोळी सांडली. गोड, गुलाबी, कोरडी रांगोळी. तरीही मी चावलो, आणि खालच्या डाव्या दाढेवरची टोपी निघाली. दाताच्या डॉक्टरने कारण विचारलं. मी खरं सांगितलं. त्याने हातातली सुई खाली ठेवली आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, 'कुठल्या सालची?' तो स्वतः बोस्टन रेड सॉक्सची जमवत होता. पुढचा सगळा वेळ तो बोलला आणि मी तोंड उघडं ठेवून हुंकार दिले. त्याचं बिल त्या पूर्ण संचाच्या भावापेक्षा जास्त आलं, आणि घरी येऊन मोजलं तर संचही पूर्ण नव्हता. एक कार्ड कमी होतं, कुण्या एका राखीव पिचरचं. दुकानात त्याची किंमत पाच सेंट.

त्या पाच सेंटच्या माणसाने मला जितकं छळलं तितकं मँटलनेही नाही. टपालाने मागवावं तर टपालखर्च कार्डाच्या वीसपट. आणि तो मागवण्यात मजा नव्हती, तो सापडायला हवा होता. मी रात्री जागा होऊन त्याचा विचार करायचो. त्याच्या कारकिर्दीचे आकडे मला पाठ झाले. त्याच्या बायकोला असतील असं वाटत नाही.

हिला हे सहन होत नव्हतं, असं नाही. तिचा फक्त एक आग्रह होता, कार्डं तळघरात राहावीत, वर येऊ नयेत. तो मी एकदाच मोडला. १९८९ च्या फ्लीअर संचात बिली रिपकेनचं एक कार्ड आहे. बाल्टिमोरचा साधाभोळा खेळाडू, खांद्यावर बॅट, हसरा चेहरा. पण बॅटच्या मुठीच्या बुडाला दोन शब्द लिहिलेले आहेत आणि छापेपर्यंत ते कुणाला दिसले नाहीत. पहिला शब्द इथे छापता येणार नाही. दुसरा 'फेस'. कंपनीला कळल्यावर तिने घाईघाईने ती जागा झाकली. काहींवर काळा चौकोन आला, काहींवर पांढरा डाग, काहींवर नुसतंच गिरगटलेलं. मग लोक झाकण्याच्या सगळ्या तऱ्हाही जमवू लागले. माझ्याकडे न झाकलेलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. ते मी एका छोट्या स्टँडवर दिवाणखान्यात ठेवलं. वाचायला मान वाकडी करावी लागते, कोण वाचतंय, असा माझा हिशेब.

त्याच रविवारी आमच्याकडे सत्यनारायण होता. मंडळातली बरीच कुटुंबं आली होती. कथेचा चौथा अध्याय चालू होता, साधुवाण्याच्या नौकेत पानंवेली झाल्या होत्या, आणि नुकतंच वाचायला शिकलेलं एक सात-आठ वर्षांचं पोर मान वाकडी करून स्टँडसमोर उभं होतं. त्याने ते दोन्ही शब्द जोरात वाचले. उच्चार निर्दोष होते. इथेच जन्मलेला मुलगा. गुरुजी थांबले. पुण्याहून आलेल्या एका आजींना ऐकू कमी येत होतं.

'काय म्हणाला गं तो?'

'फेस म्हणाला, आजी,' ही म्हणाली.

'कसला फेस?'

'साबणाचा.'

'प्रसादाच्या वेळी साबण कशाला?' आजी म्हणाल्या, आणि कथा पाचव्या अध्यायात गेली. पाहुणे गेल्यावर हिने मला निर्वाणीचं सांगितलं: हे कार्ड पुढच्या पूजेच्या आत घराबाहेर.

माझ्या बाजूने बोलायला मी जेफरसन बर्डिकना उभं केलं. सिराक्यूजकडचा साधा माणूस, कारखान्यात नोकरी, संधिवाताने बोटं वाकडी झालेली. त्याने आयुष्यभर छापील चिठोरी जमवली, तीन लाखांहून जास्त. त्यांतली तीसेक हजार बेसबॉलची. पदरमोड करून त्यांची सूची तयार केली. तंबाखूच्या कार्डांना 'टी' हे अक्षर त्याने दिलं, ते अजून चालतं. सगळा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला फुकट दिला आणि वर स्वतः वर्षानुवर्षं तिथे बसून वाकड्या बोटांनी वह्यांत चिकटवत राहिला. जानेवारी १९६३ मध्ये काम संपलं, आणि दोन महिन्यांत तो गेला. 'आणि एवढं करून त्याला बेसबॉलची फारशी आवड नव्हती म्हणतात!' मी विजयाने सांगितलं.

'लग्न झालं होतं?'

'नाही.'

'हं,' ही म्हणाली.

आता वॅगनर. हा टाळता आला असता तर टाळला असता.

होनस वॅगनर हा पायरेट्सचा शंभर वर्षांपूर्वीचा शॉर्टस्टॉप. बर्डिकच्या सूचीत टी-२०६ म्हणून जो संच आहे, १९०९ ते १९११ मध्ये सिगारेटबरोबर आलेला, त्यात त्याचं कार्ड होतं. पण थोडी छापून झाल्यावर त्याने ते बंद करायला लावलं. मुलांनी आपल्या चित्रापायी तंबाखू घेऊ नये म्हणून, असं भाविक सांगतात. त्याला पैसे मिळाले नाहीत म्हणून, असं बाकीचे. तंबाखू तो स्वतः चघळायचा. कारण काही असो, आज जगात ती कार्डं पन्नास-साठच असावीत आणि मँटल विकला गेला त्याच महिन्यात एक वॅगनर ७२ लाख ५० हजार डॉलरना गेला. हा वॅगनर कार्नेगी नावाच्या आमच्या उपनगरात राहायचा आणि १९५५ मध्ये तिथेच वारला. आणि कार्नेगीतच, एका म्हाताऱ्या बाईंच्या यार्ड सेलमध्ये, बटणांच्या डब्यात, मला तो दिसला.

नारिंगी पार्श्वभूमी, मधोमध भांग, गळ्यापर्यंत बटणं. माझे पाय लटपटले. पण जातिवंत गिऱ्हाईक चेहऱ्यावर काही दाखवत नाही. मी त्या डब्याकडे पाठ केली आणि संशय येऊ नये म्हणून इतर वस्तू घेत सुटलो: एक बिघडलेला टोस्टर, चीज वितळवायचं भांडं, एका पायाने अधू असलेली इस्त्रीची फळी. मग सहज आठवल्यासारखं दाखवून 'आणि ही बटणंही द्या' म्हणालो. बाईंनी सगळ्याचे चाळीस डॉलर सांगितले. मी दिले. गाडीत बसल्यावर हिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. 'भाव केला नाहीत. बरं वाटत नाही का?'

घरी जाऊन नीट पाहिलं आणि माझ्या काळजात चर्र झालं. वॅगनरच्या छातीवर आणि खाली नावातही 'पिट्सबर्ग'च्या शेवटचा एच नव्हता. आमच्या गावाचं नाव चुकलेलं! म्हणजे बनावट. मी जेवलो नाही. मग रात्री वाचताना सापडलं, की १८९१ मध्ये सरकारच्या नावं ठरवणाऱ्या मंडळाने आमच्या गावाचा एच काढून घेतला होता आणि गावाने आरडाओरडा केल्यावर १९११ मध्ये परत दिला. कार्ड छापलं तेव्हा एच नव्हताच. एच नाही म्हणजे अस्सल! मी मध्यरात्री हिला उठवून सांगितलं की एच नाहीये. ती म्हणाली, सकाळी शोधू.

त्यानंतरचे दिवस मी श्रीमंतीत काढले. कार्ड आधी देवघरात बालाजीच्या तसबिरीमागे ठेवलं. मग निरांजनाची भीती वाटली म्हणून बँकेत लॉकर घेतला, त्याचं वर्षाचं भाडं आगाऊ भरलं. श्रीमंत माणसाला सदसद्विवेकबुद्धीही असते. त्या म्हाताऱ्या बाईंना यातलं काही दिलं पाहिजे, हे मी पहिल्याच रात्री ठरवलं. निम्मं. मग कर लागेल हे लक्षात आलं आणि पाव म्हटलं. मग चिरंजीवांचं कॉलेज, गावाकडच्या घराचं छप्पर, भावाचा हिस्सा. भावाला इथे हिस्सा का, असं मनात आलं आणि तो रद्द केला; मनातल्या मनात भावाशी भांडण झालं आणि त्या रविवारी मी त्याला फोन केला नाही. आठवडाअखेरीला बाईंच्या वाट्याला एक भारी साडी आणि मिठाईचा डबा उरला होता. त्या साडी नेसत नसणार, हेही मग मला सुचलं.

महिनाअखेर शहराबाहेरच्या एका हॉलमध्ये कार्ड शो होता. मी इस्त्रीचा शर्ट घातला. कार्ड कडक प्लॅस्टिकमध्ये, प्लॅस्टिक चष्म्याच्या घरात, घर आतल्या खिशात. दुसऱ्या खिशात रिपकेन; तो कुठेतरी खपवायचा, हा घरचा हुकूम होता. ज्या डीलरचं टेबल सगळ्यांत मोठं त्याच्यासमोर जाऊन बसलो आणि खालच्या आवाजात म्हणालो, माझ्याकडे टी-२०६ आहे.

'वॅगनर?' त्याने विचारलं. वर बघितलंही नाही.

'तुम्हाला कसं कळलं?'

'इथे कुणी कुजबुजत आलं की वॅगनरच असतो.' त्याने भिंग उचललं. कार्ड सेकंदभर धरलं आणि भिंगच माझ्या हातात दिलं. 'खाली नाव आहे ना, ती अक्षरं बघा.'

मी पाहिलं. अक्षरं ठिपक्यांची होती. बारीक, रंगीत, रांगेत उभे असलेले ठिपके. अस्सल कार्डाची अक्षरं भरीव शाईची असतात, ती दगडी छपाई. ठिपके आले ते पुढच्या काळातल्या छापखान्यांबरोबर. 'शिवाय आकार,' तो म्हणाला. खरा टी-२०६ जेमतेम दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडा लांब. माझा वॅगनर अंगाने भरलेला होता. 'आणि मागे हे बघा.' मागे, सिगारेटच्या जाहिरातीखाली, मुंगीच्या डोक्याएवढ्या अक्षरांत 'पुनर्मुद्रण' अशा अर्थाचा शब्द होता. मी मागची बाजू वाचणारा माणूस! या एकाच कार्डाची मागची बाजू मी डोळे भरून पाहिली होती, वाचली नव्हती.

डीलरला माझी दया आली असावी. सगळ्यांत प्रसिद्ध अस्सल वॅगनरचीही एक कथा त्याने सांगितली. त्याच्या कडा कापून तो कोरा दिसेल असा केला होता, आणि ज्याने कापल्या तो स्वतः मोठा लिलाववाला होता. २०१३ मध्ये त्याने कोर्टात कबूल केलं. 'तुमच्या कार्डाच्या कडा निदान अस्सल आहेत,' तो म्हणाला.

लॉकरचं भाडं परत मिळत नाही, हे मला बँकेने आधीच सांगितलेलं होतं.

मी तिथून उठलो. घरी लगेच जाण्यात अर्थ नव्हता. हॉलच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचे लांब डबे होते, 'कुठलंही दहा सेंट', आणि त्यांच्याभोवती जमिनीवर पोरं बसली होती. मीही बसलो. इस्त्रीच्या शर्टाची पर्वा आता कुणाला होती! दहा सेंटच्या डब्यात सगळे विमा एजंट, बँजोवाले, राखीव कॅचर असतात. एक एक कार्ड काढायचं, उलटं करायचं, वाचायचं. अर्ध्या तासात मी वॅगनर विसरलो, खरंच विसरलो. दहाएक वर्षांचा एक मुलगा शेजारी माझ्याच गतीने डबा उपसत होता. त्याने मला विचारलं, 'तुम्हाला कोण हवंय?' बेसबॉलच्या जगात याहून सभ्य प्रश्न नाही. मी साल सांगितलं, नंबर सांगितला. त्याने स्वतःची वही उघडली, नऊ कप्प्यांचं पान उलटलं, आणि तिथे, खालच्या ओळीत, माझा राखीव पिचर.

माझा श्वास अडकला. आणि या खेपेला मी चेहरा लपवायला विसरलो.

मुलगा हुशार होता. 'हा दुर्मीळ आहे,' तो म्हणाला.

'पाच सेंटचा आहे.'

'मग दुसरीकडून घ्या.'

मी एक डॉलर म्हणालो. दोन म्हणालो. त्याला पैसे नको होते, अदलाबदल हवी होती. पायरेट्सचे डुप्लिकेट दाखवले, त्याने नाक मुरडलं, गावचाच मुलगा. मग त्याचं लक्ष माझ्या खिशातून डोकावणाऱ्या स्लीव्हकडे गेलं. 'तो कोण?' मी चटकन खिसा दाबला, पण उशीर झाला होता. त्याने रिपकेन ओळखला. अगदी कुजबुजत विचारलं, 'न झाकलेला?'

'तू लहान आहेस.'

'तुम्हाला पिचर हवाय ना?'

मी आजूबाजूला पाहिलं. कुणी बघत नव्हतं. रिपकेनला घराबाहेर काढायचा हुकूम होता, पिचरवाचून माझा संच अडला होता. दोन्ही कुटुंबांचं भलं एका व्यवहारात होत होतं. मी स्लीव्ह पुढे केली, त्याने पिचर पुढे केला, आणि तेवढ्यात वरून एक आवाज आला. मुलाची आई.

'काय घेतोयस बघू?' तिने रिपकेन माझ्या हातातून घेतला. हसरा चेहरा, खांद्यावर बॅट. 'छान दिसतोय मुलगा,' ती म्हणाली. मग कपाळाला आठी घालून कार्ड जवळ आणलं, लांब नेलं. 'बॅटवर काहीतरी लिहिलंय का? मी चष्मा गाडीत विसरले.'

'कंपनीचं नाव असेल,' मी म्हणालो.

पलीकडच्या टेबलावरून डीलर वाकला आणि त्याने अतिशय अदबीने तिच्यापुढे भिंग धरलं.